उमेदवार प्रचारात, मग गल्ल्यावर कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान व्यावसायिक राष्ट्रीय निवडणुकीला उभा राहिला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. समर्थक म्हणतात, ज्याने स्वतःच्या हिमतीवर धंदा चालवला तो देशही चालवील. विरोधक विचारतात, गल्ल्यावर बसणाऱ्याला परराष्ट्र धोरणातले काय कळते? लहान व्यावसायिकांच्या वह्या लिहिण्यात माझी हयात गेली आणि मला ही दोन्ही बोलणी वरवरची वाटतात. या माणसांत लोकसभेची उमेद धरणारे असतात. पण त्यांना पराभवाची जेवढी भीती वाटत नाही, तेवढी प्रचाराच्या काळात बंद पडणाऱ्या उत्पन्नाची वाटते. त्यावर उपाय करता येतो, तो करायला हवा, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पगारदार माणसाला निदान रजा मागता येते. मोठ्या कारखानदाराचा कारभार त्याचे व्यवस्थापक पाहतात. दोन-तीन माणसांच्या धंद्यात मात्र खरेदी, वसुली, बँकेची भानगड आणि बिघडलेले मशीन हे सगळे मालकाच्याच अंगावर असते. तो प्रचाराला निघाला की पहिल्यांदा वसुली थंडावते. ज्याच्याकडे उधारी थकली आहे तो मालकापुढे ओशाळतो. मालकाच्या मुलाला मात्र ‘वडील आले की बघू’ म्हणून वाटेला लावतो. पुरवठादाराने माल दिलेला असतो तो मालकाच्या शब्दावर. मालक दिसेनासा झाला की तो रोखीची भाषा बोलू लागतो. मग पगाराच्या तारखेला घरातली पुंजी बाहेर निघते. विक्रीत फारशी घट नसतानाही चांगला चाललेला धंदा असा घाईला येतो, कारण खेळते भांडवल अडकलेले असते. त्यात पुष्कळदा राहते घरच कर्जाला तारण असते. राजकीय भूमिका उघड झाल्यावर विरुद्ध विचारांची गिऱ्हाइके दुरावण्याची धास्ती असते ती वेगळीच. घरच्यांनी ‘नको’ म्हटले तर त्यांना दोष देता येत नाही.

अमेरिकेत या अडचणीवर एक तोडगा काढला आहे. तिथल्या फेडरल इलेक्शन कमिशनने २००२मध्ये उमेदवाराला प्रचारनिधीतून स्वतःसाठी वेतन घ्यायला परवानगी दिली आणि २०२४पासून तो नियम अधिक सोयीचा केला. वेतनाला दोन बाजूंनी मर्यादा आहे: प्रतिनिधीगृहाच्या सदस्याच्या वार्षिक पगाराच्या निम्मी रक्कम किंवा उमेदवाराच्या आधीच्या पाच वर्षांच्या कमाईची सरासरी, यांतली जी कमी असेल तेवढेच. म्हणजे निवडणूक लढवून कोणी श्रीमंत होणार नाही, पण घरचा किराणा आणि मुलांची फी थांबणार नाही. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. लोकसभेसाठी मोठ्या राज्यांत ती २०२२पासून ९५ लाख रुपये आहे. वाहने, मंडप, पत्रके यांचा हिशेब त्यात तपासला जातो. त्या काळात उमेदवाराची चूल कशावर पेटणार, याचा विचार मात्र कुठे दिसत नाही. देणगीच्या पैशातून घर चालवणे काहींना खटकेल. त्यांना माझे सांगणे एवढेच की वेतनाची रक्कम ठरलेली, जाहीर आणि तपासणीस खुली असेल तर ती उजळ माथ्याने घेता येते. पोट भरण्याची सोय नसलेला उमेदवार कोणा धनवंताच्या उपकाराखाली गेला, तर तो हिशेब कोणाच्याच हाती लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अनुभवात सापडते. ते १८ वर्षे अमेरिकी सेनेटमध्ये होते आणि १९७२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. राजकारणातून बाहेर पडल्यावर १९८८मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधील एक हॉटेल चालवायला घेतले आणि काही वर्षांतच त्या हॉटेलचे दिवाळे निघाले. पुढे १९९२मध्ये त्यांनी लेख लिहून सांगितले की व्यवसायाच्या या अडचणी आधी स्वतः अनुभवल्या असत्या, तर आपण अधिक चांगले सेनेटर झालो असतो. कायदे करण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस जेव्हा असे लिहितो, तेव्हा ते मनावर घ्यावे. नियम हेतूने चांगला असू शकतो. तरी तो पाळायला कोणाचा किती वेळ जातो, एक विवरणपत्र वाढले की रात्री किती उशिरापर्यंत जागावे लागते, हे सभागृहात कोणाला तरी स्वानुभवाने ठाऊक असले पाहिजे.

धंद्यात यश मिळालेलाच उमेदवार हवा, असा माझा आग्रह अजिबात नाही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रुमन यांनी १९१९मध्ये भागीदारीत कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. मंदी आली आणि १९२२मध्ये दुकान बुडाले. त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली नाही. देणी फेडण्यात त्यांची पुढची कितीतरी वर्षे गेली. १९३४मध्ये ते सेनेटवर निवडून आले. १९४१मध्ये, युद्धसामग्रीची कंत्राटे मूठभर बड्या कंपन्यांच्याच पदरात पडतात आणि लहान कारखाने कोरडे राहतात, ही तक्रार त्यांनी सेनेटमध्ये मांडली आणि त्यातून चौकशी समिती उभी राहिली. त्या समितीने युद्धखर्चातली उधळपट्टी उघड केली. बुडालेल्या दुकानाशी याचा थेट धागा जोडता येणार नाही, हे मान्य. पण पै-पैने देणे फेडलेल्या माणसाची नजर खर्चाच्या रकान्यावर ठरते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

व्यापाऱ्यांचा राग तेवढा निवडून आला तर काय होते, याचाही इतिहास आहे. फ्रान्समध्ये पियेर पुजाद या लेखनसामग्रीच्या दुकानदाराने १९५३मध्ये करवसुली अधिकाऱ्यांविरुद्ध चळवळ उभारली. जानेवारी १९५६च्या निवडणुकीत तिला सुमारे २५ लाख मते आणि ५०हून अधिक जागा मिळाल्या. १९५८पर्यंत ती जवळपास संपली होती. करांबद्दलचा संताप खरा होता, पण निवडून आल्यावर काय करायचे याची तयारी तोकडी होती. म्हणून ‘देश दुकानासारखा चालवीन’ म्हणणाऱ्या उमेदवारापासून मतदाराने सावध राहावे, असे मला वाटते. दुकानात तोट्याचा माल ठेवणे बंद करता येते. सरकारला आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, दूरच्या वस्तीला वगळता येत नाही. आपल्या धंद्यातून काय शिकलो आणि कोणत्या गोष्टी मुळीच शिकायला मिळाल्या नाहीत, हे दोन्ही सांगणारा उमेदवार मला विश्वासाचा वाटतो.

हितसंबंधांचा प्रश्नही टाळता येणार नाही. आपल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९अ, संबंधित सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार चालू असलेल्या व्यावसायिकाला अपात्र ठरवते, आणि ते योग्यच आहे. त्याच कलमाखाली असेही स्पष्टीकरण आहे की व्यावसायिकाने आपल्या बाजूचे काम पूर्ण केले असेल, तर केवळ सरकारने आपली बाजू पुरी केलेली नाही म्हणून करार चालू धरला जाणार नाही. काम झाले पण बिल थकले, अशा लहान पुरवठादाराचे त्यामुळे नुकसान टळते. कायदा लिहिताना ही अडचण लक्षात घेता येते, तर उमेदवाराच्या निर्वाहाची का नाही?

आपल्या दैनिकाकडे माझी एक मागणी आहे. निवडणुका आल्या की उमेदवारांची मालमत्ता ठळक मथळ्याने छापली जाते. त्याच प्रतिज्ञापत्रात देणी आणि उत्पन्नाचे साधनही नोंदवलेले असते. तेही त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे आणि प्रत्येक उमेदवाराला विचारावे, प्रचाराच्या काळात तुमचे घर कशावर चालणार आहे?

आपला,
एक नियमित वाचक