२१ गिनी पिगांसाठी घरं हवीत, गवत हवंय आणि तुमचा थोडा वेळही

नमस्कार मंडळी,

अडचणीतल्या प्राण्यांना सांभाळून नवी घरं शोधून देणारा आपला गट लहान आहे, सहा जण, सगळे नोकरी-कॉलेज-घर सांभाळून जमेल तसं करतात, आणि आजवर आपण कोणाकडे जुने टॉवेल नि रद्दी सोडून फारसं काही मागितलेलं नाही. या वेळी मागतोय. मागच्या महिन्यात एकाच घरातून २१ गिनी पिग आपल्याकडे आलेत आणि सध्या ते तिघांच्या घरी वाटून ठेवलेत, एकीने तर बेडरूममधला पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय आणि त्या जागेत दोन मोठे पेन, म्हणजे जाळीची कुंपणं, बांधलेत, ती स्वतः हॉलमध्ये झोपते. असं किती दिवस चालणार.

ज्यांच्याकडून आले त्या कुटुंबाला कृपया कोणी नावं ठेवू नका. त्यांनी मुलीच्या वाढदिवसाला दोन पिल्लं आणली, विकणाऱ्याने दोन्ही माद्या आहेत असं सांगितलं, आणि त्यांनी ते खरं मानलं, कोणीही मानलं असतं. एवढ्या लहान वयात नर-मादी ओळखणं सवय नसलेल्याला खरंच जमत नाही. त्यातला एक नर निघाला. पुढचं गणित असं आहे की मादी महिनाभराची झाली की गाभण राहू शकते, ५९ ते ७२ दिवसांत व्यायते, आणि व्यायल्यावर काही तासांतच परत माजावर येते, म्हणजे नर शेजारी असेल तर त्याच दिवशी पुन्हा गाभण. पिल्लं पण जन्मतानाच डोळे उघडे, अंगभर केस, दात आलेले अशी असतात, पहिल्या दिवशीच तुरुतुरु पळतात, आणि नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याला आईपासून आणि बहिणींपासून वेगळं काढावंच लागतं, हे त्या घरात कोणाला माहितीच नव्हतं. आठ-साडेआठ महिन्यांत दोनाचे २१ झाले. आईवडील रात्री रात्री जागून पिंजरे धुवत होते आणि शेवटी त्यांनीच आपल्याला निरोप पाठवला. मुलगी रडत होती, पण तिनेच प्रत्येकाची सवय, कोणाला काय आवडतं, कोण कोणाला चावतं, हे एका वहीत लिहून दिलंय आणि ती वही आपल्याला आत्ता डॉक्टरांच्या फाईलपेक्षा जास्त उपयोगी पडतेय.

आत्ताची परिस्थिती सांगते. ९ नर, १२ माद्या. आल्या दिवशीच डॉक्टरांकडून सगळ्यांची तपासणी करून घेतली, नर-माद्या वेगळ्या केल्या, तरी ४ माद्या गाभण आहेतच, म्हणजे हा आकडा अजून वाढणार. सगळ्यांच्या अंगावर माइट्स, म्हणजे खरजेचे सूक्ष्म किडे, होते. गिनी पिगला होणारे हे माइट्स कातडीच्या आत शिरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खाज इतकी भयंकर असते की काही वेळा खाजवता खाजवता फिट येते, आपल्याकडे एकीला तशी आली, ते बघवत नाही हो. औषध आहे, नीट लागू पडतं, पण ठराविक दिवसांनी परत परत द्यावं लागतं आणि एकाला देऊन चालत नाही, सोबतच्या सगळ्यांना एकदम द्यावं लागतं.

दुसरा त्रास क जीवनसत्त्वाचा. त्या घरी यांना सशांचे पेलेट, म्हणजे पाकिटातल्या खाण्याच्या गोळ्या, घालत होते, कारण पाकिटावरचं चित्र साधारण सारखंच दिसतं. ससा स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतो, गिनी पिगला ते बनवता येत नाही, माणसासारखंच, त्यामुळे खाण्यातून मिळालं नाही तर त्यांना स्कर्वी होतो. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, उचललं की ओरडतात, चालायचं सोडतात. भुरी नावाची एक मादी आली तेव्हा मागचे पाय ओढत होती. मोठ्या गिनी पिगला रोज वजनाच्या किलोमागे साधारण १० ते ३० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, आजारी किंवा गाभण असेल तर जास्तीकडे, तर भुरीला डॉक्टरांनी सांगितलेला डोस आम्ही रोज सीरिंजने तोंडात देत होतो आणि सोबत ढोबळी मिरचीचे तुकडे. आता ती जेवणाच्या डब्याचं झाकण वाजलं की सगळ्यांच्या आधी पुढच्या जाळीवर दोन पाय टेकून उभी असते आणि कुईsss कुईsss करून घर डोक्यावर घेते. अँडीजच्या डोंगराळ भागात, जिथून हे प्राणी मुळात आलेत, तिथे त्यांना कुय म्हणतात, आणि हा आवाज ऐकला की ते नाव अगदी पटतं. (पाण्याच्या बाटलीत व्हिटॅमिनचे थेंब टाकायचा सल्ला खूप जण देतात, तो कृपया पाळू नका, उजेडात आणि पाण्यात ते पटकन नासतं आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो.)

तर आता काय हवंय.

सगळ्यात आधी घरं. पैसे नंतर, वस्तू नंतर, घरं आधी. आणि इथे आमची एक अट आहे जी आम्ही कोणासाठीच सोडत नाही, एकटा गिनी पिग आम्ही देत नाही. जोडी न्या, किंवा तुमच्याकडे आधीच एक असेल तर त्याला सोबत म्हणून न्या. हे कळपातले प्राणी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांपासून गिनी पिग एकटा ठेवायला परवानगीच नाही, आणि ज्याने एकटा पडलेला गिनी पिग पाहिलाय त्याला असा नियम का करावा लागतो हे सांगायची गरज पडत नाही. आपल्याकडे या २१ जणांच्या आधीपासून एक पाच वर्षांची मादी होती, तिची जोडीदार गेल्यापासून ती खोपटाच्या कोपऱ्यात तोंड करून बसायची, खायची पण अगदी जेवढ्यास तेवढं, आम्हाला वाटलं वय झालं. मग जागाच नव्हती म्हणून हिच्या पेनला लागून तीन पिल्लांचा पेन लावला. दुसऱ्या रात्री ती जाळीपाशी येऊन झोपली, पलीकडून पिल्लं चिकटून झोपलेली. पुढे नव्या जागेत चौघींची नीट ओळख करून दिली, आता त्या एकत्र आहेत, आणि परवा ही म्हातारी चक्क जागच्या जागी उड्या मारत होती, आनंद झाला की गिनी पिग अशा वाकड्यातिकड्या उड्या मारतात त्याला पॉपकॉर्निंग म्हणतात. त्या चौघींना आम्ही आता वेगळं करणार नाही, चौघींना मिळून घर हवंय, कोणाकडे जागा असेल तर विचार करा.

सोबत म्हणून ससा चालेल का असं दरवेळी कोणीतरी विचारतं. नाही. सशाची एक लाथ बसली तरी याला भारी पडते, शिवाय सशाला काहीही न होता त्याच्या अंगात असलेल्या जंतूने गिनी पिगला न्यूमोनिया होऊ शकतो.

घर म्हणजे बंगला नको, पण पिंजरा मोठा हवा. दोघांसाठी निदान ७-८ चौरस फूट सपाट जागा, वर चढायचे मजले नाहीत, हे प्राणी उंच चढणारे नाहीत, पळणारे आहेत. खाली जाळी नको, तळपायाला जखमा होऊन त्या चिघळतात. चाक किंवा प्लास्टिकचा गोल बॉल अजिबात नको, हॅमस्टरचं ते, गिनी पिगची पाठ त्याने दुखावते. लपायला प्रत्येकाला एक खोपट, दोन तोंडांचं असेल तर उत्तम म्हणजे एकाने दुसऱ्याला आत कोंडायला नको. जागा घरातच हवी, जिथे माणसांची ये-जा आहे, ऊन थेट येत नाही. १८ ते २४ अंशांच्या आसपास ते सुखात असतात, थंडी थोडी चालवून घेतात पण उकाडा सोसत नाही आणि बंद गॅलरीत किंवा गाडीत उष्माघाताने बघता बघता जातात.

मुलं असलेल्या घरांना आम्ही आवर्जून देतो, फक्त सांभाळणारं मोठं माणूस कोण ते आधी ठरवून या. गिनी पिग ५ ते ७ वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तेव्हा दहावीच्या आसपास असेल, तिचं लक्ष दुसरीकडे जाणारच, त्यात तिची चूक नाही, पण सकाळचं गवत-पाणी तोपर्यंत कोणीतरी घालायला हवं. मुलांना एकच नियम शिकवा, प्राणी हातात घ्यायचा तो जमिनीवर बसूनच. उभ्याने उचलला आणि त्याने उसळी मारली की पाय मोडतो, दात तुटतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या जखमींमध्ये अशीच जास्त असतात.

ज्यांना कायमचं घर देता येत नाही त्यांनी फॉस्टर करावं, म्हणजे काही दिवसांपुरतं आपल्या घरी सांभाळावं. विशेषतः त्या ४ गाभण माद्यांसाठी शांत खोली हवीय, साधारण तीन महिने, औषधपाणी आणि खाण्याचा खर्च गटाचा. पिल्लं बघायला मिळतात म्हणून पुष्कळ जण तयार होतात ते ठीक आहे, पण व्यायताना अडली तर रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे पळायची तयारी लागेल. आणि ओघात आलंच आहे तर, घरच्या मादीला "एकदा तरी पिल्लं होऊ देऊ" असं कृपया करू नका. पहिली खेप ६-७ महिन्यांच्या आत झाली नसेल तर तिच्या कमरेची हाडं घट्ट जुळून येतात, मग पिल्लू बाहेर पडायला वाटच मिळत नाही आणि सिझेरियन केलं तरी आई वाचेल याची खात्री नसते.

आता पैसे. सगळ्यात मोठा खर्च नरांच्या ऑपरेशनचा आहे. ९ नर दोन-दोन करून ठेवता येतील, सगळेच भांडतात असं नाही, पण खसी केलेला एक नर आणि एक-दोन माद्या हा संसार सगळ्यात शांत चालतो आणि असं घर शोधणंही सोपं जातं. लहान प्राण्यांच्या भुलीचा नीट अनुभव असलेले डॉक्टर आपल्याला मिळालेत, ते आठवड्याला दोन ऑपरेशनं करायला तयार आहेत. ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे नराला माद्यांजवळ सोडायचं नाही, म्हणून आत्ता लवकर सुरुवात केली तरच पुढे जोड्या लावून देता येतील. तुम्ही एका नराचं ऑपरेशन पूर्ण उचललंत तरी चालेल, चार जणांनी मिळून एक उचललंत तरी चालेल, कितीही कमी रक्कम असली तरी तिचा हिशोब बिलासकट गटाकडे बघायला मिळेल, कधीही मागा.

वस्तूंमध्ये गवत, गवत आणि गवत. चांगलं सुकं, हिरवट, वासाला गोड, बुरशी-धूळ नसलेलं. टिमोथी जातीचं गवत मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यांच्या पोटात जाणाऱ्यातलं ८० टक्के तरी गवतच असायला हवं, कारण २० च्या २० दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजतात ते गवत चावूनच, शिवाय आतडं चालू राहतं तेही त्यानेच. २१ जणांना गवत किती लागतं हे सांगून पटणार नाही, सकाळी भरलेला कोपरा संध्याकाळी मोकळा. लसूणघास देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्यांना मुतखडे होतात, फक्त गाभण माद्यांना आणि पिल्लांना थोडा चालतो. याशिवाय फ्लीसची जुनी पांघरुणं, टॉवेल, पुठ्ठ्याचे खोके, १ मिलीच्या सुई नसलेल्या सीरिंज, आणि किचनमधला एखादा डिजिटल वजनकाटा असेल तर आम्हाला द्याच. देवदार-पाइनचा भुसा मात्र नको, त्याच्या वासाने त्यांच्या श्वासाला त्रास होतो.

ज्यांच्याकडे आधीच गिनी पिग आहेत त्यांनाही सांगायचंय. तुमच्याकडे दोन "माद्या" असतील तर एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, आपल्या गटातली अनुभवी माणसंही फुकट बघून देतील. प्राण्याने १२ तास काही खाल्लं नाही तर उद्या बघू म्हणून थांबू नका, शिकार होणारा प्राणी आहे, आजार शेवटपर्यंत लपवतो, आणि पोट थांबलं की हातात वेळ फार कमी उरतो. घरातली माणसांची अँटिबायोटिक तर चुकूनही देऊ नका, पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे गेली तर आतड्यातले चांगले जंतू मरून प्राणी दगावतो. आणि सांभाळणं खरंच जमत नसेल तर बागेत, माळावर सोडून देऊ नका. हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेला प्राणी आहे, त्याला बिळ खणता येत नाही, मांजर-कुत्र्यापुढे तो उभाही राहू शकत नाही. आम्हाला सांगा, आम्ही काहीही विचारणार नाही, फक्त वय आणि खाण्याच्या सवयी तेवढ्या सांगा.

बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी या. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची वजनं करतो, कारण ५०-६० ग्रॅम वजन उतरलं की दुसरं काही दिसायच्या आधीच आजार कळतो. एक जण पकडून आणतो, एक काट्यावर धरतो, एक वहीत लिहितो, आणि नखं कापायला चौथा माणूस दर वेळी कमी पडतो. नखं कापता येत नसतील तरी या, शिकवू.