दिवाळीच्या फळ्यावर काय लिहायचं? आई-बाबांना पत्र

नागपूर,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

दिवाळीच्या शुभेच्छा आधीच देऊन टाकते, कारण पुढचं पत्र सगळं कामाचं आहे. यंदा वसुबारस शुक्रवारी १७ तारखेला, लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ला, पाडवा २२ ला आणि भाऊबीज २३ ला. म्हणजे हाताशी आठवडा उरला. बाबांच्या फळ्याची पारावरची भिंत नव्यानं रंगवायची आहे, आणि तिनं पावसाळाभर किती पाणी पिलं ते बघता तेवढा लागेलच.

बाबा, तुमचा निरोप पोचला. वर्षभर फळ्यावर सरकारचं, बाजार समितीचं, पुढाऱ्यांचं लिहिता. आता वाचणाऱ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या आणि त्यांचे आभार मानायचे, तर मजकूर पाहिजे. मजकूर खाली दिला आहे. पण तुमचा फळा पुढाऱ्याच्या फ्लेक्ससारखा दिसता कामा नये, एवढं आधी ठरवू. राळेगावच्या रस्त्यावर यंदा फ्लेक्सचं पीक जोमात असणार. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली, तेव्हापासून प्रशासक बसला आहे, आणि आता ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका उरकायला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. साडेतीन वर्षं ज्यांना गावाचा रस्ता आठवला नाही, ते यंदा 'तमाम जनतेला' हात जोडतील. त्यांच्या फ्लेक्सवर फोटो मोठा आणि काम बारीक असतं, किंवा नसतंच. तुमच्याकडे उलटं हवं: माणसाचं कौतुक कमी, कामाची नोंद जास्त.

म्हणून आभाराच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी बघा. काय काम झालं, कधी झालं, आणि किती. 'लाइनमनचे आभार' एवढं लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो. 'गावाबाहेरची डीपी जळाल्यावर तिसऱ्या दिवशी नवी बसली' असं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं नेमकं लिहिलं, तर पुढच्या वेळी दहा दिवस लागले की लोकच विचारतील. नाव टाकायचं झालं तर त्या माणसाला आधी विचारा. पुष्कळदा तो सुटीच्या दिवशी, साहेबाला न सांगता आलेला असतो. तुम्ही कौतुक करायला जाता आणि त्याला नोटीस मिळते. शिवाय चार नावं लिहिली की पाचवा रुसतो. गावात नावापेक्षा कामाचा उल्लेख बरा. कोणाचं काम ते सगळ्यांना ठाऊक असतंच.

आणि घोषणेचे आभार मानू नका. परवाच, ७ तारखेला, अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकडा मोठा आहे, पण कास्तकाराच्या कामाचा आकडा म्हणजे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आणि तीन हेक्टरची मर्यादा. तो त्याच्या खात्यात कधी पडतो, हे खरं. फळ्यावर एक चौकट आखून ठेवा: 'मदत जाहीर ७ ऑक्टोबर. गावात पहिली जमा:' आणि पुढची जागा कोरी. पैसे पडले की तारीख भरा. ती कोरी जागा रोज दिसत राहील, टीकेचा एकही शब्द लिहावा लागणार नाही.

आता फळ्याचं. भिंत ओली असताना काळा रंग लावला की महिन्याभरात फोड येतात आणि पापुद्रे निघतात, म्हणून आधी भिंत तपासा. रात्री प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबायचं. भिंत कोरडी असेल तर तारेच्या ब्रशनं पांढरा खार झाडून काढा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा. अर्ध्या लिटरचा फळ्याचा रंग चार फूट बाय तीन फुटाला दोन हात लावून उरतो. दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस जाऊ द्या, आणि दुसऱ्या हातानंतर लगेच लिहायला घेऊ नका. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि पुसा. हे टाळलं तर पहिलं लिहिलेलं कायमचं उमटून राहतं, मग पाडव्याच्या मजकुरामागून वसुबारस डोकावते.

आता पहाटे दव पडायला लागेल. साधा खडू सकाळपर्यंत पुसट होतो. एक वाटी साखर दोन वाट्या पाण्यात विरघळवून त्यात खडू दहा मिनिटं बुडवा आणि ओल्यानंच लिहा. वाळल्यावर अक्षर ठळक होतं, हातानं निघत नाही. पुसायला ओलं फडकं लागतं. मुंग्या येतील, त्याला इलाज नाही. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांनाही पंधरा फुटांवरून वाचता यावं तर अक्षर दोन इंच उंच हवं. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना दीड इंच धरला, तर तीन फुटांत दहा ओळी बसतात. मथळा आणि कडेची जागा सोडली की सात. एका ओळीत सहा शब्द. म्हणजे तुमच्याकडे एकूण चाळीस शब्द आहेत, बाबा. तुम्ही पाठवलेला मजकूर दोनशेच्या वर होता.

तारीख कोपऱ्यात लिहू नका, मजकुराच्या पहिल्या ओळीतच घ्या. पोरं फोटो काढतात, कडा कापून व्हॉट्सॲपवर टाकतात, आणि मागच्या वर्षीचा भाव यंदाचा म्हणून फिरतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवसासाठी हा मजकूर:

'२१ ऑक्टोबर. हा फळा वाचणाऱ्या, त्यावर वाद घालणाऱ्या आणि चुकलेला आकडा दुरुस्त करून देणाऱ्या सर्वांचे आभार. पावसाळ्यात पुलावर पहारा देणारी पोरं, डीपी बंडीवर वाहून आणणारे गडी, चिखल तुडवत घरोघर गेलेल्या आशाताई, यांच्यामुळं गाव चाललं. सगळ्यांना दिवाळी सुखाची जावो.'

या दिवशी कोणावर टीका नको. 'सणासुदीला राजकारण नको' म्हणणारे दोघं-तिघं पारावर असतातच. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. तेलाचा भाव, विजेचं भारनियमन आणि एसटीची फेरी हे सगळं सणातच जास्त जाणवतं. पण पणत्या लागलेल्या संध्याकाळी त्यांना एक दिवस दिला तर बिघडत नाही. पाडवा मात्र हिशेबाचा. त्या दिवशी व्यापारी वही उघडतो, तुम्हीही उघडा. पाडव्याची शुभेच्छा म्हणजे कापसाचा खरा भाव:

'२२ ऑक्टोबर. कापूस हमीभाव क्विंटलला: मध्यम धागा ७,७१०, लांब धागा ८,११०. ओल ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. लांब धाग्याला ९ टक्क्यांवर ८,०२८.९०, १० वर ७,९४७.८०, १२ वर ७,७८५.६०. त्यापुढे सीसीआय घेत नाही. नोंदणी कपास किसान ॲपवर. आयात शुल्क ११ टक्के माफ, ३१ डिसेंबरपर्यंत.'

शेवटच्या वाक्यावर पारावर तुम्हाला बोलता येईल. केंद्र सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचं आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्याकडचा पहिला आणि दुसरा वेचा नेमका याच दिवसांत बाजारात येतो. सूतगिरण्यांना बाहेरचा माल स्वस्त पडला की खासगी जिनिंगवाला हमीभावाच्या खाली बोलतो, आणि मग सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर विकणं एवढाच मार्ग उरतो. तिथं अडतं ते ओलीवर आणि कागदांवर.

ओलीचं सगळ्यांना सांगा. एका टक्क्याला एक टक्का भाव जातो, म्हणजे क्विंटलला ८१ रुपये. यंदा पाऊस लांबल्यानं बोंडं ओली आहेत. दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू करू नये, वेचलेला कापूस त्याच दिवशी घरात गंजी मारून ठेवू नये, ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात हलवत राहावा. वरचा कापूस वाळतो आणि तळाचा तसाच राहतो. केंद्रावर यंत्र गाडीत तीन-चार ठिकाणी खुपसतात, तेव्हा तळ सापडतोच. वजन वाढावं म्हणून पाणी मारणारे दरवर्षी एक-दोन निघतात. त्यांची गाडी परत जाते, आणि मग मागच्या सगळ्या गाड्यांकडे संशयानं बघितलं जातं.

कागदांत आधार, बँकेचं पासबुक आणि सातबारा लागतो. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा चढलेला हवा, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली हवी. ॲपमध्ये ओटीपी मोबाईलवर येतो. नंबर मुलाच्या नावाचा आणि मुलगा पुण्याला, इथं बरेच जण अडकतात. मक्त्यानं वावर करणाऱ्यांचं जास्त अवघड: सातबारा दुसऱ्याचा. त्यांनी गाडी भरण्याआधी केंद्रावर जाऊन विचारावं. नोंदणीची मुदत फळ्यावर लिहू नका, वाढत राहते. 'मुदत केंद्रावर विचारा' एवढं पुरे.

पाडव्यालाच गावात गायगोधन निघेल. गुरं राखणारी गोवारी मंडळी गाई खेळवतील, ढाल नाचेल, आणि सगळे त्यांच्या नाचाचे व्हिडिओ काढतील. बाजूच्या लहान फळ्यावर त्यांच्यासाठी एक ओळ ठेवा: '२३ नोव्हेंबर १९९४, नागपूर: ११४ गोवारी.' हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन इतकी माणसं गेली. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. एवढं सगळं लहान फळ्यावर मावणार नाही, पण आकडा आणि तारीख मावते. वर्षभर ज्यांनी गावाची जनावरं राखली त्यांचे आभार मानायचे आणि ही तारीख विसरायची, हे मला जमत नाही. मात्र गावातल्या जुन्या गोवारी माणसांना आधी विचारा. सणाच्या दिवशी नको म्हणाले तर २३ नोव्हेंबरला लिहा.

आई, आता तुझ्याकडे येते. पारावरचा फळा बाया वाचत नाहीत, कारण पारावर माणसं बसलेली असतात आणि तिथं थांबून वाचणं कोणाला बरं दिसत नाही. म्हणजे बाबांचे आभार अर्ध्या गावापर्यंत पोचतच नाहीत. दीड फूट बाय दोन फुटाचा एक फळा पिठाच्या चक्कीवर टांग. दिवाळीच्या आधी बेसन-भाजणी दळायला प्रत्येक घरातून कोणीतरी येतं आणि पाळी लागेपर्यंत उभं राहतं. वाचायला याहून चांगली जागा गावात नाही. चक्कीवर पीठ उडतं, पांढरा खडू दिसत नाही, तिथं पिवळा वापर. मजकूर तू सांग, अक्षर पाहिजे तर बाबांचं घे. काय लिहायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोनच गोष्टी सुचवते. आशाताई आणि अंगणवाडीताईंना फुलांचा गुच्छ नको. मानधन थकलं असेल तर त्यांना विचारून किती महिन्यांचं ते लिही. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, त्याची आठवण आतापासून लिहून ठेव. तिथं झालेला ठराव ग्रामसभेपुढे जातो.

त्याच ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घ्या, हे बाबांसाठी. फळ्यावरचे आभार ओल्या फडक्यानं पुसले जातात. इतिवृत्तात गेलेले राहतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढे हजर लागतात. ठराव तोंडी मांडू नका, लिहून द्या, सूचक-अनुमोदकांची नावं घाला आणि सभा उठण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा. नाहीतर 'इतर विषय' या दोन शब्दांत गुंडाळला जातो.

आणखी एक. आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या मजकुरावर कोणीही तक्रार करू शकतो. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा राज्याचा कायदाही आहे. पारामागची भिंत कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि मालकाकडून साध्या कागदावर सही घेऊन ठेवा. चक्कीवाल्याकडूनही. एकही उमेदवार आणि पक्ष मजकुरात नसेल तर बोलायला जागा कमी राहते, पण सही असलेली बरी.

तुम्हा दोघांचे आभार मानायला मला चाळीस शब्द पुरणार नाहीत. एवढंच लिहिते, की घरात पेपर आधी कोणी वाचायचा यावरून भांडण व्हायचं आणि मुलींना 'तुला काय कळतं' असं कधी कोणी म्हटलं नाही.

रंगाचा डबा, पॉलिश पेपर आणि पांढऱ्या-पिवळ्या खडूंच्या दोन पेट्या शनिवारच्या एसटीनं पाठवते. बाबा, शिडीवर तुम्ही चढू नका, वरच्या दोन ओळी शेजारच्या पोराकडून लिहून घ्या. आई, अनारशाचं पीठ या वेळी जास्त भिजवू नकोस, हवेत ओल आहे. आम्ही भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं येतो.

तुमची,
माधुरी