मोतीबागच्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही रागावता, म्हणून चारचौघांत लिहितेय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या सातवीतल्या मुलाने 'मेडवे क्वीन' या इंग्लंडच्या वाफेच्या प्रवासी बोटीचं मॉडेल करायला घेतलं. खरी बोट सुमारे १८० फुटांची, आमची तीन फुटांची, तीही तेलाच्या पिप्याच्या पत्र्याची. दोन बाजूंना पाणी मागे ढकलणारी चाकं लावली, पण इंजिन कसं बसवायचं ते कळेना. तेव्हा कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. नागपूरच्या मोतीबागला नॅरो गेज रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांवर हयात घालवलेला माणूस भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, सायकलवर आमच्या दारात आला.

तुम्ही फरशीवर खडूने इंजिन काढलंत. बोटीचा तळ उथळ, त्यात उभे सिलिंडर मावणार कसे, म्हणून ते तिरपे. मग पिशवीतून बोराएवढ्या डोक्याचं एक जुनं रिव्हेट काढून मुलाच्या तळहातावर ठेवलंत. लालबुंद करून ठोकायचं, थंड होताना ते आकसतं आणि दोन पत्रे आपोआप आवळले जातात. आमच्या बोटीला तुम्ही तांब्याच्या तारेचे तुकडे ठोकायला शिकवलंत. पहिले किती वाकडे गेले! एकदाही त्याच्या हातातून हातोडी घेतली नाहीत.

फुटाळा तलावावर बोट सोडली आणि उजव्या चाकाची पाती निखळली. बोट जागच्या जागी गोल फिरू लागली, पोरगा रडकुंडीला आला. "काहून रडतो बे? खऱ्या बोटीचंबी झालं होतं ना?" तुम्ही म्हणालात. झालं होतंच. १९२४ साली स्कॉटलंडमधल्या ट्रून इथे बांधलेली, सहलीची माणसं नेणारी ही बोट १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धात गेली, समुद्रातले सुरुंग काढू लागली. १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला सैन्य अडकलं, तेव्हा तिने सात फेऱ्या करून सुमारे ७,००० सैनिक सोडवून आणले. शेवटच्या फेरीत उजव्या चाकाचं घर मोडलं, तरी ती इंग्लंडच्या डोव्हर बंदराला पोचली. त्या संध्याकाळी हे सगळं तो तुम्हाला सांगत होता आणि तुम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होतात. ते माझ्या मनाला फार भिडलं, काका. त्याचं कोणी इतकं ऐकत नाही, मीसुद्धा नाही.

युद्धानंतर १९४७ पासून ती पुन्हा सहलीला निघाली, १९६३ ला थांबली. भंगारात विकली, पण तिने डंकर्कला काय केलं ते कळल्यावर बेल्जियमच्या भंगारवाल्यांनी तिला तोडलं नाही म्हणतात. हे ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग, तुम्ही राखलेलं एक इंजिन डोळ्यांदेखत गॅसकटरने कापलं गेलं, ते सांगितलंत. चहा तसाच निवला होता.

त्या बोटीचा सांगाडा ब्रिस्टलला पुन्हा रिव्हेट मारून बांधला, २०१३ मध्ये ती जिलिंगहॅमला परतली. आता तिथे चढून बघता येते. तिचे फोटो मी मोठे करून आणलेत, रिव्हेटच्या ओळी स्पष्ट दिसतात. तुम्हाला दाखवायचेत.

तुमचं रिव्हेट त्याच्या कंपासपेटीत आहे. डावं चाक अजून अडखळतं, पण काका आल्याशिवाय उघडायचं नाही असं त्याने बजावलंय. रविवारी सकाळीच या, तर्री-पोहे करून ठेवते.

तुमची,
त्याची आई