पिल्या, तुला "नको" म्हणायचं नाही असं ठरलंय

पिल्या,

पुढच्या महिन्यात तुला दोन वर्षं पूर्ण होतील. त्याआधी घरात एक गोष्ट ठरलीय, ती तुला कळवायला हवी, कारण ती तुझ्याबद्दलच आहे आणि ठरवलं तेव्हा तू गाढ झोपलेला होतास. तर ठरलं असं की आम्ही तुला येताजाता "नको" म्हणायचं नाही.

झालं काय, की तू रांगायला लागल्यापासून घरात हा एकच जप चालू होता, पिल्या नको, अरे नको ना, ए ए ए नको, आणि मग उन्हाळ्यात तू चालणं सोडून डायरेक्ट पळायलाच लागलास आणि तो शब्द तुझ्यासाठी घरातल्या फॅनच्या आवाजासारखा झाला, चालू असतो पण ऐकू कोणाला येत नाही. उलट तूच तो शिकलास. बोट वर करून, भुवया ताणून, अगदी आबांच्या थाटात "नक्को" म्हणतोस आणि म्हणता म्हणताच ती गोष्ट करतोस. त्या दिवशी असंच स्वतःला बजावत बजावत मेतकुटाचा डबा अख्खा फरशीवर पालथा केलास. पप्पा फर्स्ट शिफ्ट करून नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून दमून आले होते, ते बघून हसत हसत तिथेच खाली बसले, आणि मग तुला वाटलं की हा खेळच आहे, मग काय.

त्या रात्री आम्ही बोललो. "नाही" हा शब्द खरंच लागेल तिथेच वापरायचा, म्हणजे तो वापरला की त्याला वजन राहील. गॅस, रस्ता, विजेचं बटन, पाण्याची भरलेली बादली, आबांची द्राक्षबागेतली फवारणी. आणि छोटे सेल, ते चपटे गोल असतात ना वजनकाट्यात आणि त्या वाजणाऱ्या खेळण्यांमध्ये, ते. दीड वर्षाच्या डोसला गेलो होतो (गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर, दंड आणि मांडी धरून रडलास आणि बाहेर आल्यावर वॉचमनकाकांना टाटा केलास) तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की असा सेल गिळला तर तासा-दोन तासांत आत अन्ननलिका भाजायला लागते, घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. बादलीचंही त्यांनीच सांगितलं, वीतभर पाणीसुद्धा पुरतं म्हणे. तेव्हापासून आपल्या बाथरूममध्ये रात्री बादल्या उपड्या असतात आणि सिलेंडरचा रेग्युलेटर बंद. आजीला हे फार वाटतं. "तीन पोरं वाढवली, एकालाही कुलूप लावलं नाही," असं ती म्हणते. खरंय तिचं, पण तिच्याकडे मळ्यात चार जावा होत्या गं बाई, चार जणींचे आठ डोळे, इथे दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझा लॅपटॉप.

बाकी घर आता तुझ्या उंचीचं करून टाकलंय. ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा तुझा. त्यात झाकणं, जुनी वाटी, चकलीचा सोऱ्या, फुलपात्र, लाटणं, आणि तो डबा ज्याचं झाकण कशालाच बसत नाही पण मला टाकवत नाही. तू रोज सकाळी ते सगळं काढतोस, प्रत्येक झाकण प्रत्येक डब्याला लावून बघतोस आणि न बसलेल्या डब्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतोस. बसणाऱ्या डब्यात तुला इंटरेस्टच नाही! पाहुणे म्हणतात किती मस्ती करतो. मला ती मस्ती वाटत नाही. मस्ती करताना माणूस हसतो, तू तर कपाळाला आठ्या घालून काम करत असतोस.

आणि घंटागाडी. तुझा दिवस घंटागाडीपासून सुरू होतो. मला ती कोपऱ्यावर आली तरी ऐकू येत नाही, तुला मागच्या कॉलनीत असतानाच कळतं. "घंता घंता घंता" करत एक चप्पल घालून दारात. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवायचा हे तुला मोठ्यांपेक्षा आधी समजलं, फक्त कशाला सुका म्हणायचं त्याबद्दल तुझं मत वेगळं आहे, त्यामुळे सुक्याच्या डब्यातून आत्तापर्यंत टीव्हीचा रिमोट, पप्पांचं आयकार्ड आणि आजीच्या चष्म्याचं कव्हर निघालंय. मी आता डबा तपासल्याशिवाय खाली नेत नाही. गाडीवरच्या ताई तुला ओळखतात, तू त्यांच्याकडे हात पसरतोस आणि त्या दोन्ही हात मागे घेऊन "हात घाण आहेत राजा" म्हणतात. मग तू त्यांना लांबूनच फ्लाइंग किस देतोस. अख्ख्या बिल्डिंगचा कचरा उचलणाऱ्या बाईला सकाळी सकाळी कोणी एवढा आनंदाने भेटत असेल असं मला वाटत नाही.

महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास तुझी आई जरा बिघडलेली असते, हेही सांगून ठेवते. जीएसटीची रिटर्न भरायच्या तारखा असतात त्या, क्लायंट बिलं शेवटच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, साइट लटकते आणि नेमकं तेव्हाच तुला मांडीवर बसून टाइप करायचं असतं. अशा वेळी मोबाईल हातात देणं सगळ्यात सोपं आहे आणि मी देत नाही असं खोटं सांगणार नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या सूचनांमध्ये आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि त्यानंतरही दिवसाला तासाभराच्या वर नाही. ते लिहिणाऱ्यांच्या मांडीवर वीस तारखेला कोणी नसावं. पण एक बघितलंय मी, मोबाईल काढून घेतला की तू जो गोंधळ घालतोस तसा डब्यांचा कप्पा बंद केला तर घालत नाहीस, त्यामुळे आता जुना बिघडलेला कीबोर्ड तुला देऊन टाकलाय. तू पण रिटर्न भर. एंटर जोरात मारतोस, छान.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण रोज तेच. मऊ भात तूप, कधी नाचणीचं सत्व, कधी खिमट, पण तुला आमच्या ताटातलं तिखट हवं असतं. चिऊचा घास काऊचा घास आता चालत नाही, आता घंटागाडीचा घास लागतो.

पण द्राक्षांबद्दल मात्र नीट लिहिणार आहे. निफाड तालुक्यात आजा-पणजाची बाग असलेल्या घरात तू जन्मलास आणि तुला द्राक्ष अख्खं मिळत नाही, याचं आबांना फार वाईट वाटतं. अख्खा मणी लहान मुलाच्या घशात बरोब्बर बसतो, गोल, गुळगुळीत आणि ओला, श्वासच बंद होऊ शकतो. पाच वर्षांच्या आत उभे चार काप करूनच द्यायचं. आडवं नाही, उभं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आबा काही बोलले नाहीत, नुसते उठून बागेत गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने सोनाकाचा लांबडा घड घेऊन आले आणि पायरीवर बसून खिशातल्या विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायच्या, कात्रीने... नाही, कात्रीने नाही, आजीने ती हिसकावली आणि धुतलेली सुरी दिली, तर त्या सुरीने एकेक मणी उभा चिरत बसले. ज्या माणसाने आयुष्यभर द्राक्ष क्रेटच्या हिशोबात मोजली तो तुझ्यासाठी मणी चिरतोय, आणि तू प्रत्येक काप आधी आबांच्या तोंडात कोंबून मग स्वतः खातोस.

फेब्रुवारी-मार्चात द्राक्षांचा खुडा, म्हणजे काढणी, चालू होती तेव्हा आपण जवळजवळ दर आठवड्याला मळ्यात होतो. सुरगाणा, पेठकडची मजुरांची टोळी आली होती. त्यातल्या एका ताईंचं बाळ मांडवाच्या सावलीत साडीच्या झोळीत झोपायचं आणि त्यांचा मोठा मुलगा, तुझ्याएवढाच, क्रेटमध्ये बसून असायचा. तू दुसऱ्या क्रेटमध्ये. तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता एकमेकांच्या क्रेटमध्ये माती टाकायचात, अर्धा अर्धा तास. त्याची आई मधूनच बघायची, पण तिचे हात थांबत नव्हते, थांबून चालणारच नव्हतं. तिच्याकडे ना कप्पा होता ना कुलूप, आणि "घर उंचीचं करणं" वगैरे मी जे वर एवढं लिहिलंय ते तिच्यासमोर मला मोठ्याने वाचता येणार नाही. पण तेही तुला माहीत असू दे.

फवारणीचं मात्र काही म्हणजे काही चालणार नाही. डाउनी, भुरी असले रोग वेलींवर आले की आबांना दुसरा इलाज नसतो, ट्रॅक्टरला ब्लोअर लावून औषध मारावंच लागतं, आणि ट्रॅक्टर म्हणजे तुझं सर्वस्व. "बूम" दिसला आणि बसायला मिळालं नाही की तू जमिनीवर आडवा. आडवा हो. त्या दिवशी तुला बागेच्या कुंपणाच्या आत नेत नाही आणि आबाही आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय तुला हात लावत नाहीत, तू रडत असलास तरी. हा नियम मी केलेला नाही बरं का, आबांचाच आहे, तुझ्या पप्पांच्या वेळेपासूनचा. आणि गंमत म्हणजे तू तो पाळतोस. आबा लांबून नुसतं "नाही" म्हणाले की तू थांबतोस. आजीच्या मते ते आबांचा आवाज मोठा आहे म्हणून. मला वाटतं आबा वर्षभरात तुला तेवढंच "नाही" म्हणतात म्हणून. हा वाद आमचा अजून मिटलेला नाही.

पावसाळ्यात तुला आणखी एक वेड लागलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं म्हणून पप्पा तुला खांद्यावर घेऊन गोदावरीवर गेले. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहे ना, नाशिकचे लोक पूर त्याच्यावरून सांगतात, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. तू बघितलंस तेव्हा कमरेपर्यंत होतं. घरी आल्यावर आंघोळीच्या टबात प्लास्टिकचा बाहुला उभा करून "मालुती भिजला" सुरू. मग पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग रागावून माझ्याकडे बघत "आनी पानी". मी पाण्याचा एक मग ओतला की अजून एक मग.

आत्ता गणपती बसलेत. मोदकात तुला फारसा रस नाही, सगळा जीव उंदरावर. मूर्तीपुढचा उंदीर सकाळी सापडत नाही आणि डब्यांच्या कप्प्यात निघतो, काल तर सोऱ्यात घातला होतास. गुरुजींनी पाहिलं, म्हणाले असू द्या, त्याचं वाहन आहे, हिंडणारच. आरतीला टाळ तुझ्याकडे, संपली तरी वाजवत राहतोस, शेजारचे काका बिचारे तोपर्यंत हात जोडून उभे. फक्त निरांजन उंचावर ठेवलंय. तिथे "नाही" म्हणालो, एकदाच, आणि तू खरंच हात मागे घेतलास. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही प्रमोशनच झालंय त्यांचं.

आता दोन वर्षांचा होणार म्हटल्यावर प्लेग्रुपची विचारणा सुरू झालीय. सोसायटीतल्या ग्रुपवर रोज कोणीतरी कुठल्यातरी ब्रोशरचा फोटो टाकतं, दोन वर्षांच्या मुलाला काय काय येणार त्याची यादी असते त्यात. पहिलीत जायला सहा वर्षं लागतात, म्हणजे अजून चार आहेत आपल्याकडे. मी काही ठरवलेलं नाही. मुलांमध्ये मिसळायला तुला आवडतं, हे क्रेटमधल्या मातीवरून दिसलंच, त्यामुळे कदाचित सकाळचे दोन तास पाठवेनही, पण ज्या ठिकाणी न बसणारं झाकण हातातून काढून घेऊन बसणारं देतील तिथे नाही.

ते दिवाळीनंतर बघू. त्याआधी छाटणी आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की लगेच वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कोंबांच्या जागांना, पेस्ट लावतात, ते औषध वाईट असतं, त्यामुळे पेस्टच्या दिवसांत बाग तुला बंद. पण छाटणीच्या पहिल्या दिवशी आपण जाणार, मी रजा टाकलीय, अकरा तारीख मध्ये येत नाही हे बघून घेतलंय. खाली काड्यांचा खच पडतो, त्यातली हवी ती काडी घे, ओढ, आबांच्या पायजम्याला बांध, क्रेटमध्ये भर, घरी आणायची असली तरी आण. कात्री मागशील. ती मिळणार नाही.

तुझी
आई