एनबीएतली 'पळवाट' कशाला म्हणता?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सकाळी चहा-पोह्यांबरोबर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सामना लावून बसणाऱ्यांपैकी मी एक. रविवारच्या क्रीडा पानावर आपण संघांच्या पगारखर्चाचा तक्ता छापलात. 2025-26 ची पगारमर्यादा (संघाने खेळाडूंच्या पगारांवर एकूण किती खर्च करावा याची) 15 कोटी 46 लाख डॉलर, आणि तिच्यापुढे गेलेले सगळे संघ लाल अक्षरांत. शीर्षक काय, तर 'श्रीमंतांच्या पळवाटा'. बँकेत तीस वर्षं खतावण्या तपासल्यामुळे गप्प बसवेना.

1984-85 च्या हंगामात ही मर्यादा आली तेव्हा ती 36 लाख डॉलर होती, आणि ती मुद्दामच सैल ठेवली होती. आपल्याकडे घडलेला खेळाडू केवळ हिशेबात बसत नाही म्हणून गमवावा लागू नये, हा त्यामागचा विचार. या सुटीला बोस्टनचा खेळाडू लॅरी बर्ड याच्यावरून 'बर्ड हक्क' हे नाव पडलं. खेळाडूने मुक्त होऊन संघ न बदलता तीन हंगाम काढले, की त्याचा संघ मर्यादा ओलांडूनही त्याला कमाल पगारापर्यंत करार देऊ शकतो. मधे अदलाबदल झाली तर हा हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो. दोनच हंगाम झाले असतील तर सूट मिळते, पण बेताची.

खरी गंमत नोंदी कुठल्या क्रमाने करायच्या यात आहे. करार संपलेल्या खेळाडूवरचा हक्क राखायचा, तर सही होईपर्यंत मर्यादेच्या हिशेबात त्याच्या नावावर ठरावीक रक्कम अडकवून ठेवावी लागते. 2015 मध्ये सॅन अँटोनिओने आपल्याच कवाय लेनर्डच्या नावावर साधारण 72 लाख डॉलर अडकवले आणि त्याला सांगितलं, सही जरा थांबून कर. उरलेल्या जागेत बाहेरून लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं. मग लेनर्डची सही झाली, पहिल्याच वर्षाचे 1 कोटी 64 लाख. क्रम उलटा असता तर ऑल्ड्रिजला जागा उरली नसती. यात कुठला नियम मोडला? आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठी चेन्नईने धोनीला 'अनकॅप्ड' (आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळणाऱ्यांच्या गटातला) म्हणून 4 कोटी रुपयांत राखलं. लोक हसले असतील, पण नियमात ते बसत होतं.

लबाडी कशी असते तेही याच लीगने पाहिलंय. मिनेसोटाने जो स्मिथला वर्षावर्षाच्या किरकोळ करारांवर ठेवलं आणि चोरून लिहून दिलं, की तीन वर्षं भरून बर्ड हक्क आला की आठ कोटींहून मोठा करार देऊ. 2000 साली ते बाहेर आलं. 35 लाख डॉलरचा दंड झाला, नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक 'ड्राफ्ट'मधल्या पहिल्या फेरीतल्या पाच निवडी गेल्या (दोन पुढे परत मिळाल्या) आणि स्मिथचे आधीचे करारही रद्द झाले. म्हणजे जमवलेला बर्ड हक्क पाण्यात! पळवाट हा शब्द इथे शोभला असता.

बाकीच्या सवलतींत मोठी म्हणजे 'मिड-लेव्हल', ठरावीक रकमेपर्यंतची सूट. मर्यादेवर गेलेल्या संघालाही तिच्यातून बाहेरचा खेळाडू घेता येतो, 2025-26 मध्ये 1 कोटी 41 लाखांपर्यंत. फार खर्चिक संघाला मात्र त्यातले जेमतेम 57 लाखच वापरता येतात.

आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या करारापासून खरी भिंत आहे ती 'सेकंड एप्रन'ची, म्हणजे पगारमर्यादेच्या बऱ्याच वर आखलेल्या दुसऱ्या रेषेची, 2025-26 मध्ये 20 कोटी 78 लाखांवर. ती ओलांडली की मिड-लेव्हल पूर्ण बंद, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणणं बंद, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीतली निवडसुद्धा अदलाबदलीत देता येत नाही. बर्ड हक्क कागदावर शाबूत, पण तो वापरायची हिंमत कोण करणार? 2024 चं विजेतेपद मिळवलेल्या बोस्टनने वर्षभरातच, या रेषेखाली यायचं म्हणून, ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या खेळाडूंना दुसरीकडे पाठवलं. चांगला संघ बांधल्याची ही शिक्षा मला तरी पटत नाही.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा लाल शाई 20 कोटी 78 लाखांच्या वरच्या संघांसाठी राखून ठेवा. बरेच संघ काळ्या अक्षरांत येतील.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर