चिलखत चिकटवू नका, बांधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिवजयंतीच्या मिरवणुकांची छायाचित्रे दरवर्षी आपल्या अंकात येतात. त्यांतला एखादा मावळा जरा निरखून पाहावा. डाव्या हातात ढाल असते, पण उजवा हात तलवारीवर नसतो, तो स्वतःच्याच खांद्यावर असतो, कारण तिथला जोड सुटलेला असतो. छातीचे पान वर सरकून हनुवटीला टेकलेले असते. मिरवणूक संपली की चिलखत मंडळाच्या खोलीत पडते आणि पुढच्या वर्षी नवे आणले जाते. बोल लागतो तो प्लास्टिकला. प्लास्टिकची चिलखते करण्याचा छंद असलेल्या आम्हा काही जणांना हे पटत नाही. पान सहसा मोडत नाही, जोड सुटतो. आणि कोकणच्या हवेत चिकटवलेला जोड सुटणारच. इथे चिलखत बांधायला हवे.

आधी डिंकाचे पाहू. फोम आणि प्लास्टिकची शीट जोडायला बहुतेक जण चपला-फर्निचरला वापरतात तो रबरी डिंक घेतात. तो दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यायचा आणि मग दाबायचा. सुकताना त्यातला द्रव उडून जातो आणि डिंकाचा थर गार पडतो. हवा दमट असली की त्या गार थरावर बाष्प धरते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते तसे. डोळ्यांना ते दिसत नाही. दोन्ही बाजू चिकटल्यासारख्या वाटतात, पण मधे पाण्याचा पापुद्रा राहतो. पावसाळ्यात किंवा भल्या सकाळी दव असताना केलेला जोड असाच फसतो. डिंक लावायचाच असेल तर सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, कोरड्या दिवशी लावावा आणि दाबण्याआधी दोन्ही बाजूंवरून केस वाळवायचा ड्रायर फिरवावा. झटपट चिकटणारा डिंक दमट हवेत उलट लवकर धरतो, पण तो ठिसूळ असतो; खांद्यासारख्या हलत्या जागी पहिल्या हिसक्यात तडकतो आणि आजूबाजूला पांढरी पूड सोडतो.

मग लोक पॉप रिव्हेटकडे (ओढून बसवायच्या पोकळ खिळ्याकडे) वळतात. तिची बाहेरची नळी ॲल्युमिनियमची असते, पण ओढल्यावर आत तुटून राहणारे खिळ्याचे डोके बहुधा लोखंडी असते. घाम आणि खारी हवा मिळून ते गंजते आणि पांढऱ्या किंवा चंदेरी पानावर तपकिरी ओघळ उतरतो. टिचबटणांची तीच गत. पितळी घेतली तर गंज चढत नाही, हिरवट कळंक चढतो, तो निदान पुसता येतो.

बांधण्यासाठी लागणारे सामान आपल्याकडे कोणत्याही बंदरात मिळते. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात 2 ते 3 मिलिमीटर जाडीची दोरी मागावी. नायलॉनची दोरी गाठ चांगली धरते, पण पाणी पिऊन थोडी सैलावते. चकचकीत पॉलिथिलीनची दोरी पाणी अजिबात पीत नाही, मात्र गुळगुळीत असल्याने तिची गाठ सरकते. गाठ दुहेरी मारून टोक पेटत्या काडीने वितळवून घ्यावे. खांद्याला नायलॉन आणि कुशीला पॉलिथिलीन, असे आम्ही सुचवू.

भोके हा या कामातला खरा कसब लागणारा भाग आहे. तापवलेल्या खिळ्याने भोक पाडू नये. कडेला जळक्या प्लास्टिकचे कडक वळे तयार होते आणि चीर तिथूनच निघते. पीव्हीसी असेल तर घशाला झोंबणारा आम्लाचा धूरही निघतो. शीटखाली लाकडाचा तुकडा ठेवून 5 मिलिमीटरचे भोक हळू वेगात ड्रिलने पाडावे आणि जाड बिट हाताने फिरवून कडेचा खडबडीतपणा काढावा. भोक काठापासून निदान 12 मिलिमीटर आत हवे. एकट्या भोकावर भार टाकू नये, 20-25 मिलिमीटर अंतरावर जोडभोक पाडून दोरी दोन्हींतून न्यावी. आतल्या बाजूला त्याच शीटची पट्टी दोन्ही भोके झाकेल अशी ठेवून तिलाही तशीच भोके पाडावीत आणि दोरी तिच्यातून ओवावी. एवढे केले की भोक लांबट होत नाही.

शीट कोणती घ्यावी? 2 मिलिमीटर जाडीची एबीएस (एक टणक प्लास्टिक) उत्तम. चौरस मीटरला ती साधारण 2.1 किलो भरते. मोठ्या माणसाची छाती, पाठ, खांदे आणि दस्तवाणे (हातांवरची पाने) मिळून सव्वा चौरस मीटर शीट लागते, म्हणजे अंगावर अडीच-पावणेतीन किलो. सनबोर्ड (फलकांना वापरतात तो फोमचा बोर्ड) स्वस्त आणि हलका, पण कोपऱ्यात चेपतो. बादल्या ज्याच्या बनतात त्या पॉलिप्रॉपिलीनवर नेहमीचा डिंक धरत नाही आणि रंगही टिकत नाही, त्याला बांधण्याशिवाय गत्यंतरच नाही. ओळखायचे असेल तर तुकड्यावर ॲसिटोनचा थेंब टाकावा. एबीएस लगेच चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही.

मापासाठी आपल्याच दैनिकाचे जुने अंक चांगले. (यात अनादर नाही.) दोन पदर एकावर एक ठेवून छातीचे आणि पाठीचे पान कापावे, आतून जे कपडे घालायचे त्यांवर चिकटपट्टीने लावावे आणि हालचाल करावी: हात वर, खाली वाकणे, उकिडवे बसणे, दीर्घ श्वास. कागद जिथे फाटेल तिथेच पुढे प्लास्टिक तडकेल. ती जागा कापून गोल करावी. बहुतेकदा तो बगलेचा कोपरा असतो. हात वर केल्यावर सगळे पान वर चढत असेल तर खांद्याची दोरी आवळून उपयोग नाही, बगल आत कापली पाहिजे. पानाचा वरचा काठ गळ्याच्या खळग्याखाली तीन बोटे असावा. खालचा काठ बसल्यावर मांडीला जिथे टेकतो त्याच्या 2-3 सेंटिमीटर वर संपवावा. छातीच्या आणि पाठीच्या पानांत दोन्ही कुशींना 4-5 सेंटिमीटर फट राहू द्यावी. ती दिसते म्हणून बुजवणारे लोक पहिल्या तासाभरात गुदमरतात.

यात नवे काही नाही. जुन्या चार-आईना चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशी अशी चार पाने सुटी असत, कड्या गुंफलेल्या चिलखतावर पट्ट्यांनी बांधलेली. प्रत्येक पान आपापल्या जागी हलत असे. आपण मात्र चारही भाग जोडून एक पिंप करतो आणि मग ते वाकत नाही म्हणून कुरकुरतो.

खांद्याला सुरगाठ मारावी, कुशीला निरगाठ. कारण उकाडा. तिथीची शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, ऐन शिमग्यात येते. त्या दिवसांतल्या दमट हवेत प्लास्टिकखाली घाम वाळत नाही आणि अंग तापत जाते. कोणाला भोवळ आली तर दोन टोके ओढताच छातीचे पान खाली आले पाहिजे. खांद्यावर दोरी थेट काचू नये म्हणून दीड इंची नायलॉनची पट्टी आणि तिच्याखाली फोमचा तुकडा हवा. कुशीच्या दोरीत मधे एक वीतभर इलॅस्टिक घालावे म्हणजे श्वासाला जागा मिळते. ते घामाने वर्षभरात मरते, म्हणून शिवू नये. दोन टोकांना फासे करून अडकवावे आणि दरवर्षी बदलावे. शिरस्त्राण दर वीस मिनिटांनी काढावे, यावर वाद नको.

आता तडा. एबीएसवर पांढरी रेघ दिसली की तिथे ताण आला असे समजावे. रेघेची चीर झाली तर तिच्या टोकाला 3 मिलिमीटरचे भोक पाडावे, चीर पुढे धावत नाही. मग त्याच शीटचा चुरा ॲसिटोनमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवून मधाइतकी दाट खळ करावी. आतल्या बाजूला शीटची पट्टी या खळीने बसवावी, बाहेरून चीर भरावी, एक दिवस वाळू द्यावी आणि 240, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. हे काम चूल, समई, विडी यांपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करावे. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. नखांचे रंग काढायच्या बाटलीतून काम भागत नाही, तिच्यात इतर बरेच काही असते.

रंगासाठीही दुपारचीच वेळ. दमट हवेत स्प्रेचा चकचकीत थर दुधाळ पडतो. आणखी एक, संध्याकाळच्या कार्यक्रमाला डास चावतात म्हणून लावायच्या मलमात डीईईटी (डास पळवणारे रसायन) असेल तर ते एबीएस आणि रंग दोन्ही खाते. मलम चोळलेल्या हातांनी चिलखत बांधले की बोटांचे ठसे कायमचे राहतात. मलम आधी लावून हात साबणाने धुवावेत.

मिरवणुकीनंतर गुलाल कोरड्या, मऊ ब्रशने झाडावा. ओला फडका आधी फिरवला की गुलाल रंगात मुरतो. मग कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून आतली बाजू त्याच रात्री पुसावी आणि सावलीत वाळवावी. थिनर नको, रॉकेल नको. पावसाळ्यासाठी दोऱ्या, पट्ट्या, फोम काढून वेगळे ठेवावेत, बुरशी त्यांनाच आधी धरते. चिकटवलेल्या चिलखतात हे करताच येत नाही. पाने भोके असलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, आत चुरगळलेला कागद भरून, उभी ठेवावीत. पिशवीत बंद करू नयेत. डांबरगोळ्याही नकोत, एबीएसला लागतील तिथे पान मऊ पडते. आणि पत्र्याखालचा माळा तर नकोच. एबीएस मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपासची उष्णता लागते हे खरे, पण मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली वजन ठेवलेले पान त्याच्या कितीतरी आधी हळूहळू बसते आणि छातीचा उंचवटा सपाट होतो. सनबोर्डचे पान तर त्याहून लवकर. वाकलेला काठ उकळत्या पाण्यात बुडवून हातमोजे घालून सरळ करता येतो. सबंध पान मात्र पूर्ववत होत नाही.

कामाला लागायचे तर दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत लागावे. मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक पथकात एकाच्या कमरेला दोन मीटर जास्तीची दोरी, एक दाभण आणि काडेपेटी असू द्यावी.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही हौशी चिलखतकार