हळदीचा डाग

रेडिंग (इंग्लंड), जून

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, साबण लावला तर डाग लालभडक झाला, आता सदरा गेलाच, असं तू म्हणालीस. गेला-बिला काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन (तिचा पिवळा रंग) क्षार लागला की लाल होतं, आणि कपड्यांचा साबण क्षारच असतो. कुंकू नाही का, हळदीला चुना लावूनच करतात! लिंबू पिळलंस तर डाग परत पिवळा होईल, पण म्हणजे तो निघाला असं समजू नकोस. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसतं घासून कापड तेवढं झिजतं. त्याच्यावर उपाय ऊन. सदरा धुऊन ओलाच गच्चीत टाक, डाग वर करून. आपल्या सांगलीच्या उन्हात दोन-तीन दिवसांत फिका पडेल. आधी तेल निघालंय ना ते बघ, आणि डाग असेपर्यंत इस्त्री फिरवू नकोस.

इथे नेमकं ऊनच नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. म्हणून पिवळे टेबलक्लॉथ आणि मुलाचे बिब मी उन्हाळ्यापर्यंत गाठोड्यात ठेवते. आता सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे दोरी रिकामी नसते.

शिवाय घर सोडायचंय. अनामत म्हणून साधारण पाच आठवड्यांचं भाडं घरमालकाकडे गुंतलेलं आहे (कायद्याने त्याहून जास्त घेता येत नाही, तेवढं बरं), आणि त्याचा ओटा पांढराशुभ्र. मराठी स्वयंपाकघरात पांढरा ओटा कोणी बसवावा! खायचा सोडा पाण्यात कालवून लावला, थोडा वेळ ठेवला, ओल्या फडक्याने पुसला. राहिलेली पिवळी झाक हातांना लावायच्या सॅनिटायझरने गेली, कारण हळद अल्कोहोलमध्ये विरघळते.

केटलीची गोष्ट वेगळी. इथलं पाणी चुनखडीतून येतं, भयंकर जड. आत पांढरा थर बसतो. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी घालून तासभर ठेवलं की तो बुडबुडे येत सुटतो. मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून द्यायचं, नाहीतर चहाला वास.

तू पाठवलेल्या व्हिडिओतल्या बाई मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फेस बघून छान वाटतं, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि भांड्यात उरतं जवळजवळ नुसतं पाणी. एका वेळी एकच वापर. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही, चुकूनसुद्धा घालू नकोस. क्लोरीन वायू होतो. कामाच्या मावशींनाही सांगून ठेव.

अजून एक, आपल्या ओट्याबद्दल. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, मोरीतली शहाबादी फरशीसुद्धा. केटलीतला थर विरघळवणारं व्हिनेगर तिथे सांडलं तर तकाकी जाते, पांढरे चट्टे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. लिंबाचं आणि चिंचेचंही तेच. श्रावणात समया नि तांब्याची भांडी चिंचेने घासायला काढशील, तेव्हा मोठ्या परातीत घेऊन घास आणि चोथा लगेच धुऊन टाक.

नव्या घराचा पत्ता मिळाला की कळवते. बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू